मोठ्या भूकंपानंतर परत परत धक्के का येतात? कोयना-पाटण-कराड-शिराळा भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे भूकंप हा काही नवीन विषय नाही. कोयनानगर, हेळवाक, पाटणच्या पट्ट्यात आणि खाली शिराळ्यात चांदोली-वारणेच्या बाजूला जमीन हलणं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नाही तरी गेली साठ वर्षं तरी नक्कीच बघितलंय. तरीपण जरा जोराचा हादरा बसला की व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात आणि उत्तराच्या जागी कुठले तरी फॉरवर्ड येऊन पडतात, त्यानं लोक अजून घाबरतात. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. लेख आवडला तर ग्रुपवर टाका, पण अर्धा कापून टाकू नका, पूर्ण टाका.

एकदा मोठा भूकंप होऊन गेला ना, मग परत परत का हलतंय?

जमिनीखाली खडकात जुन्या भेगा असतात, त्यातल्या मोठ्या भेगेला फॉल्ट म्हणतात. फॉल्टच्या दोन्ही बाजूचे खडक एकमेकांना घट्ट दाबून अडकलेले असतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं ताण साठत जातो. एक दिवस ती अडकण सुटते, खडक काही सेकंदात सरकतो, आणि आपल्याला मोठा भूकंप बसतो. त्याला मेनशॉक म्हणतात.

आता मुद्दा असा की फॉल्ट सगळीकडं सारखी सरकत नाही. कुठं मीटरभर सरकते, कुठं वीतभर, आणि मधेच एखादा तुकडा असा राहतो की तो हललेलाच नसतो. जिथं सरकली तिथला ताण उतरतो हे खरं, पण जिथं सरकणं थांबलं त्या टोकांवर, न हललेल्या तुकड्यांवर आणि शेजारच्या दुसऱ्या भेगांवर ताण उलट वाढतो. ऊसानं गच्च भरलेल्या ट्रॉलीचा एक दोर तुटला तर ओझं काही कमी होत नाही, ते बाकीच्या दोरांवर जातं, आणि त्यातला जो आधीच झिजलेला असेल तो आत्ता नाहीतर थोड्या वेळानं तुटतो. ते मागून तुटणारे दोर म्हणजे आफ्टरशॉक. म्हणजे मोठा धक्का आणि मागचे धक्के या वेगवेगळ्या घटना नाहीतच, एकाच गोष्टीचा तो पुढचा भाग आहे.

आणि ताणात किती फरक पडला की भेग सुटते, तर आश्चर्य वाटेल इतका कमी. हवेचा जो दाब आपल्या अंगावर कायम असतो तेवढा किंवा त्याहून कमी फरक पुरतो, अट एवढीच की ती भेग आधीच सुटायच्या बेतात असली पाहिजे.

मग सगळे धक्के तेव्हाच्या तेव्हा का येत नाहीत? आठ दिवसांनी, महिन्यानं का येतात?

हा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर एका कारणात संपत नाही.

पहिलं म्हणजे खडकाची घर्षणाची तऱ्हा. ताण वाढला की भेग लगेच धाडकन सुटते असं नाही, आधी ती अगदी सावकाश, आपल्याला कळणार नाही इतकी सरकायला लागते, मग वेग वाढत जातो आणि मग ती सुटते. जी भेग अगदी शेवटच्या टप्प्यावर होती ती मिनिटात सुटते, जी जरा मागं होती तिला दिवस लागतात, काहींना वर्षं लागतात. दुसरं, मोठ्या भूकंपानंतर फॉल्टचा काही भाग न हादरता, गुपचूप महिनोन्‌महिने सरकत राहतो, आणि तो सरकेल तसा आजूबाजूचा ताण परत बदलत जातो. तिसरं पाणी. खडकाच्या बारीक फटींमध्ये खोलवर पाणी असतं, भूकंपानं काही ठिकाणी फटी दाबल्या जातात काही ठिकाणी उघडतात, पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडं झिरपायला लागतं, आणि ज्या भेगेत पाण्याचा दाब वाढतो तिथं दोन बाजूंची पकड ढिली होते. पाणी खडकातून झिरपायला वेळ लागतो म्हणून धक्काही उशिरा येतो. आपल्या कोयनेच्या बाबतीत हे पाण्याचं कारण फार महत्त्वाचं आहे, ते पुढं येतंच.

शिवाय प्रत्येक आफ्टरशॉक स्वतः पण थोडा ताण इकडचा तिकडं करतो, त्यामुळं आफ्टरशॉकचेही आफ्टरशॉक असतात. म्हणूनच कधी कधी दोन-तीन दिवस शांत गेल्यावर एक जरा जोराचा येतो आणि त्याच्या मागं परत छोट्यांची रांग लागते. लोकांना वाटतं हे नवीनच काहीतरी चालू झालं, पण तसं नसतं.

किती दिवस चालणार हे?

१८९१ साली जपानमध्ये नोबी भागात प्रचंड भूकंप झाला होता. फुसाकिची ओमोरी नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचे मागचे धक्के मोजले आणि १८९४ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही वापरतात. मोठ्या भूकंपानंतर जितके दिवस जातात त्या प्रमाणात धक्क्यांची संख्या कमी होत जाते. म्हणजे समजा पहिल्या दिवशी १०० धक्के नोंदले गेले तर दुसऱ्या दिवशी साधारण ५०, दहाव्या दिवशी १०, आणि शंभराव्या दिवशी १. हा हिशोब समजण्यापुरता, प्रत्येक ठिकाणी थोडा फरक पडतो, पण सुरुवातीला झपाट्यानं कमी आणि नंतर लांबच लांब शेपूट हा आकार सगळीकडं तोच.

त्या नोबीच्या भूकंपाचं शेपूट तर शंभर वर्षं त्याच नियमानं उतरत राहिलं. आपला भाग प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्याच्या, कडेवर नाही, आत आहे, इथं नवीन ताण फार हळू साठतो, आणि अशा ठिकाणी आफ्टरशॉक जास्त काळ रेंगाळू शकतात. तेव्हा "अजून कसे काय येतायत" याचं उत्तर असं की येणारच, पण आकडा बघा, कमी होत चाललाय का ते बघा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. दिवसांप्रमाणं कमी होते ती संख्या. ताकद ठरावीक क्रमानं कमी होत नाही. विसाव्या दिवशी येणारा धक्का पाचव्या दिवशीच्या धक्क्यापेक्षा मोठा असू शकतो. शक्यता कमी झालेली असते, पण संपलेली नसते.

आफ्टरशॉक जास्तीत जास्त किती मोठा येऊ शकतो?

जगभरच्या भूकंपांचा सरासरी अनुभव असा की सगळ्यात मोठा आफ्टरशॉक भूकंपाच्या आकड्यात (मॅग्निट्यूडमध्ये) मेनशॉकपेक्षा साधारण १.२ नी कमी असतो. म्हणजे ६.३ चा भूकंप झाला तर ५ च्या आसपासचा एखादा येईल असं धरून चालावं. आणि खाली एकेक आकडा उतरला की संख्या दहापट होते, ५ चा एक असेल तर ४ चे दहा, ३ चे शंभर. म्हणून आपल्याला जे जाणवतात ते बहुतेक छोटेच असतात. पण हे सगळं सरासरीचं आहे हां, कधी फरक ०.५ चा असतो कधी २ चा. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा झाला आणि १२ मे ला, म्हणजे सतरा दिवसांनी, ७.३ चा आला, त्यात परत दोनशेहून जास्त माणसं गेली. आणि तो आला कुठं, तर पहिल्या वेळी फॉल्ट पश्चिमेकडून पूर्वेकडं फाटत गेली होती तिच्या पूर्वेच्या टोकाजवळ. वर टोकावर ताण वाढतो म्हटलं ते हेच.

पहिल्यापेक्षा मोठा येऊ शकतो का? खरं खरं सांगा.

हो, येऊ शकतो, क्वचित. तसा आला की शास्त्रज्ञ पहिल्याला फोरशॉक म्हणायला लागतात आणि नंतरच्याला मेनशॉक. म्हणजे ही नावं सगळं होऊन गेल्यावर लागतात, त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही की हा धक्का कुठल्या प्रकारचा. जपानमध्ये ९ मार्च २०११ ला ७ च्या वरचा भूकंप झाला, सगळ्यांना तोच मोठा वाटला, आणि ११ मार्चला ९ चा आला. जपानमध्येच कुमामोटोत १४ एप्रिल २०१६ ला रात्री एक मोठा धक्का बसला आणि १६ एप्रिलच्या पहाटे, सव्वा दिवसातच, त्याहून मोठा ७ चा. आपल्या कोयनेत सुद्धा १९६७ च्या सप्टेंबरमध्ये ५ च्या वरचा भूकंप होऊन गेला होता आणि डिसेंबरमध्ये तो ६.३ चा.

अशी शक्यता साधारण शंभरात पाचच्या आसपास धरतात, आणि तीही पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव वेळा पुढचे धक्के लहानच असतात. घाबरून गाव सोडावं इतकी ही शक्यता मोठी नाही, पण पहिले काही दिवस तडे गेलेल्या घरात झोपू नये इतकी नक्कीच आहे.

धक्का लहान आहे तर मग एवढं काय मनावर घ्यायचं?

कारण घर आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. पहिल्या धक्क्यात भिंतीचा कोपरा सुटलेला असतो, कौलांखालचा वासा सरकलेला असतो, पिलरला बारीक तडा असतो, आणि मग ४.५ चा धक्का पण ते काम पूर्ण करतो. दुसरं म्हणजे जागा. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप झाला, ख्राइस्टचर्च शहरापासून जरा लांब, मोठी मनुष्यहानी झाली नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला त्याचाच ६.२ चा आफ्टरशॉक शहराच्या अगदी जवळ, कमी खोलीवर, भर दुपारी आला आणि १८५ माणसं गेली. आकड्यानं लहान होता, पण लोकांच्या पायाखाली होता.

आणि कृष्णेकाठी, वारणेकाठी जिथं खोलवर गाळाची मऊ जमीन आहे तिथं तोच हादरा खडकावरच्या गावापेक्षा जास्त हलवतो, हे सांगली-मिरजेकडच्यांनी लक्षात ठेवावं.

छोटे छोटे धक्के आले की ताण निघून जातो, मोठा टळतो, हे बरोबर ना?

नाही. हे इतक्या लोकांकडून ऐकलंय, शिकलेल्या लोकांकडून पण, की इथं गणितच मांडतो. भूकंपाचा आकडा एकानं वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. दोननं वाढला तर ३२ गुणिले ३२, म्हणजे हजार पट. म्हणजे ६ च्या एका भूकंपाची ऊर्जा छोट्या धक्क्यांनी काढून टाकायची तर ४ चे हजार धक्के लागतील, आणि ३ चे म्हणाल तर तीसेक हजार. छोट्या धक्क्यांनी मोठा टळत नाही. त्यांचा अर्थ इतकाच की खाली हालचाल चालू आहे.

कोयनेत जे अजून हलतंय ते सदुसष्टच्या भूकंपाचेच आफ्टरशॉक आहेत का?

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ज्यांच्या घरात त्या वेळची माणसं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ६.३ चा भूकंप, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, हजारो जखमी झाली. दोणीचावाड्याकडं जमिनीला भेगा पडल्या आणि त्यावरून त्या फॉल्टलाही त्या गावाचं नाव पडलं. धरणाच्या वरच्या भागातही तडे गेले होते, नंतर त्याचं मजबुतीकरण केलं.

त्याच्यानंतरचे काही महिने-वर्षं जे धक्के आले ते त्याचेच आफ्टरशॉक होते. पण आज जे येतात ते सगळे त्याच खात्यात टाकता येत नाहीत. आफ्टरशॉक असते तर ओमोरीच्या नियमानं कमी कमी होत गेले असते. इथं तसं झालं नाही, १९७३, १९८०, २००० असे मधे मधे ५ च्या आसपासचे आणि वरचे भूकंप होतच राहिले, आणि त्या प्रत्येकाच्या मागं स्वतःचे आफ्टरशॉक आले. याचं कारण धरणाच्या पाण्याशी जोडलेलं आहे.

कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी साठायला लागलं आणि त्यानंतर या भागात धक्के जाणवायला लागले. इतक्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं, आणि पाण्याचा दाब फटींमधून हळूहळू खाली पोचतो. दर वर्षी पावसाळ्यात धरण भरतं, उन्हाळ्यापर्यंत उतरतं, म्हणजे खालच्या खडकाला दर वर्षी हा झोका बसतो, आणि नोंदी बघितल्या तर पावसाळ्यानंतर धरण भरल्यावर आणि पुढं पाणी उतरताना धक्के वाढतात असं दिसतं. १९८५ पासून वारणेचं चांदोली धरण भरायला लागलं आणि १९९३ च्या सुमारास धक्क्यांचा जोर दक्षिणेला वारणेकडं सरकला. शिराळ्याकडचे लोक म्हणतात ना, "आधी हे कोयनेचं होतं, नंतर आमच्याकडं आलं", ते नोंदींशी अगदी जुळतं.

पण म्हणून "धरणानं भूकंप तयार केला" असं म्हणणं पण अर्धवट आहे. ताण खडकात आधीपासूनच होता. पाण्यानं तो लवकर सोडवला.

हे सगळं कळतं कसं? खाली जाऊन कोण बघून आलंय?

अगदी खालपर्यंत नाही, पण बरंच खाली जाऊन आलेत. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिक प्रयोगशाळा आहे. त्यांनी गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर मारली. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक. कोयनेचे भूकंप बहुतेक त्या खालच्या खडकात होतात, दहा किलोमीटरच्या आतच. आणि सगळी हालचाल साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात आहे, त्यामुळं जगभरच्या शास्त्रज्ञांना अभ्यासाला ही जागा फार मोलाची वाटते. आपल्या पोरांनी सायन्स घेऊन या कामात जावं असं मला मनापासून वाटतं, इतकं जवळ आहे हे.

धक्क्याआधी गडगडाट का ऐकू येतो? जमीन आतून फुटते का?

फुटत नाही. भूकंपाच्या पहिल्या लाटा आवाजासारख्याच दाबाच्या लाटा असतात. भूकंप उथळ आणि जवळ असेल तर त्या जमिनीतून वर येऊन हवा हलवतात आणि आपल्याला तोफेसारखा किंवा ट्रक गेल्यासारखा आवाज येतो, आणि जोरात हलवणाऱ्या लाटा मागून येतात. आपल्याकडचे भूकंप उथळ असल्यामुळं ३ चा धक्का पण आवाजासकट येतो, भांडी खणखणतात, पत्रे वाजतात.

लांब कुठं भूकंप झाला तर त्याचे आफ्टरशॉक इकडं येतात का? किल्लारीनंतर इकडं पण हललं होतं.

आफ्टरशॉक मेनशॉकच्या फॉल्टच्या आसपास येतात, फार तर फॉल्टच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरात. ६ च्या भूकंपात फॉल्ट दहा-पंधरा किलोमीटर फाटते, त्यामुळं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीचे आफ्टरशॉक तीनशे किलोमीटर लांब कोयनेत येणार नाहीत. त्याच वर्षी वारणेकडं धक्के वाढले त्याचा संबंध वर सांगितलेल्या पाण्याशी आहे.

शेजारच्या फॉल्टचं मात्र तसं नाही. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ चा भूकंप झाला आणि नऊ तासांनी जवळच्याच दुसऱ्या फॉल्टवर ७.५ चा. आणि अगदी क्वचित फार मोठ्या भूकंपाच्या लाटा जाता जाता लांबच्या नाजूक भेगा पण हलवतात. अमेरिकेत १९९२ च्या लँडर्स भूकंपानंतर हजार किलोमीटरहून लांब यलोस्टोनला बारीक धक्के नोंदले गेले होते. पण ते बारीकच होते.

"आज रात्री २ ते ४ मध्ये मोठा धक्का येणार, नासानं सांगितलंय" असा मेसेज आलाय.

डिलीट करा. जगात कुणालाही भूकंपाची तारीख, वेळ, जागा आधी सांगता येत नाही, ना नासाला, ना जपानला, ना पंचांगाला. आफ्टरशॉकबद्दल जे सांगता येतं ते असं: पुढच्या आठवड्यात ४ च्या वरचे साधारण इतके येतील, ५ चा यायची शक्यता इतके टक्के. घड्याळाची वेळ दिली असेल तर ते खोटं आहे, तेवढी एक खूण पुरते. किल्लारी अनंत चतुर्दशीच्या रात्री झाला म्हणून तिथीशी जोडणारे पण आहेत, पण भूकंप सगळ्याच तिथींना होतात. असा मेसेज पुढं पाठवला की थंडीत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं घेऊन लोक रात्रभर बाहेर बसतात, हे डोक्यात ठेवून पाठवा.

खरी माहिती हवी असेल तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे, त्यात भूकंप नोंदला की थोड्याच वेळात दिसतो.

एका चॅनेलवर ४.८, दुसरीकडं ४.५. लपवतायत का?

लपवत नाहीत. वेगवेगळ्या संस्था वेगवेगळी यंत्रं आणि मोजायच्या पद्धती वापरतात, आणि पहिला आकडा घाईत काढलेला असतो, नंतर जास्त केंद्रांची नोंद आली की सुधारतात. ०.२-०.३ चा फरक नेहमीचाच.

काही हललेलं नसतं तरी हलल्यासारखं वाटतं, रात्री दचकून जाग येते.

बऱ्याच लोकांना होतं, मोठ्या भूकंपानंतर काही आठवडे राहतं, आणि यात लाजायचं काही नाही. खाटेजवळ पाण्याची अर्धी भरलेली बाटली ठेवा, पाणी स्थिर असेल तर झोपा. पोरांना "काही नाही झालं" म्हणून गप्प करू नका, त्यांना वर लिहिलंय ते त्यांच्या भाषेत सांगा, धक्के येतील पण कमी कमी होत जातील, आणि आला तर टेबलाखाली कसं बसायचं ते दिवसा दोनदा करून दाखवा. महिना-दीड महिना झाला तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

घरात परत कधी जायचं?

दिवस मोजून ठरवू नका, घर बघून ठरवा. दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरके तडे गेलेत का, भिंत फुगलीय का, दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटल्यात का, पिलर आणि बीमच्या जोडावर सिमेंट निघून सळई दिसतेय का, आधी नीट लागणारं दार आता अडकतंय का. यातलं काहीही दिसलं तर इंजिनिअरनं बघेपर्यंत आत झोपू नका, सामान आणायला पण एकट्यानं आणि उगाच जाऊ नका. दगड-मातीचं घर असेल तर जास्तच सांभाळा. किल्लारीत माणसं गेली ती रुंद दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली.

नुसत्या प्लास्टरचे केसासारखे तडे असतील आणि घर आरसीसीचं, नीट बांधलेलं असेल तर राहायला हरकत नाही, फक्त झोपायच्या जागेवरच्या माळ्यावरून पितळी भांडी, ट्रंका खाली काढा, कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं करा, गॅस रात्री सिलिंडरपासूनच बंद करा. बाहेर झोपायचं असेल तर भिंतीच्या, विजेच्या तारेच्या आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला नको. डोंगराच्या पायथ्याला घर असेल, पाटण-हेळवाककडं अशी बरीच आहेत, तर पावसाळ्यात वरून दरड ढिली झालीय का तेही बघा, आणि दिसली तर तलाठ्यांना लगेच कळवा.